‘झालं’च्या पुढचं

रविवारी दुपारी तीनला सगळ्यांनी खाली स्टुडिओत यायचं, असा निरोप चिंगीने दिला तेव्हा दादाला वाटलं, निरोप समारंभ असणार. आत्याला वाटलं, चहाबरोबर केक असणार. अप्पांना काहीच वाटलं नाही. स्टुडिओ त्यांचाच. नजर अधू झाल्यापासून ते दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसत, गिऱ्हाईक आलं तर आवाजावरून ओळखत आणि नाही आलं तरी तक्रार करत नसत.

 पंधरा दिवस चिंगी ही गोष्ट पुढे ढकलत होती आणि आता ढकलायला दिवस उरले नव्हते. सोमवारी दुपारी बारापर्यंत तिकडे उत्तर जायला हवं होतं.

तिकडे म्हणजे परदेशात, माहितीपटांचं संकलन करणाऱ्या एका संस्थेत. आठ महिन्यांचं आदानप्रदान होतं. इकडचा एक संकलक तिकडे जाणार, तिकडचा एक इकडच्या संस्थेत येणार. “म्हणजे वस्तुविनिमय,” दादा म्हणाला होता. “आपण चिंगी देणार. बदल्यात काय येतंय ते नीट तपासून घ्या.” लग्नाच्या फिल्म कापता कापता एकतीस वर्षांची झालेली चिंगी एकदाची खऱ्या कामाला लागणार, याचा आनंद त्याला बहिणीपेक्षा जास्त झाला होता. तितके महिने अप्पा त्याच्याकडे राहणार हेही ठरलं होतं. वहिनीने त्यांच्यासाठी मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती.

निवडीसाठी दहा मिनिटांची फिल्म पाठवायची होती. चिंगीने ती शेपटांची बनवली.

शेपूट हा या घराचा शब्द. आजोबा फोटो काढायचे तेव्हा ‘हलू नका’ म्हणायचे. अप्पांनी धंद्यात व्हिडिओ आणला आणि त्यांचा शब्द झाला ‘झालं’. प्रत्येक शॉटच्या शेवटी अप्पा मोठ्याने ‘झालं’ म्हणत, पण कॅमेरा लगेच बंद करत नसत. मनात दहा आकडे मोजत आणि मग बटण दाबत, म्हणजे शेवट तुटका येत नाही. कापायला बसलं की ‘झालं’ म्हटल्याजागी कात्री लावायची. त्यापुढचे दहा आकडे म्हणजे शेपूट. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही आणि फेकायचंही नाही, हा अप्पांचा नियम. अठ्ठावीस वर्षांची शेपटं कपाटात साठली होती. ‘झालं’ ऐकताच जिचं हसू उतरलं अशी नवरीची आई त्यात होती. एकमेकांच्या खांद्यावरचे हात झटकन काढून घेणारे दोन भाऊ होते. नुसताच बुटांकडे बघत राहिलेला एक नवरदेव होता. चिंगीने नऊ मिनिटं तीच माणसं लावली आणि दारोदार फिरून त्यांच्या सह्याही आणल्या.

शेवटचं मिनिट आईचं होतं.

अप्पांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा चाचणी म्हणून आईला खिडकीपाशी बसवून घेतलेला तो शॉट. तीन वर्षांपूर्वीचा, आई जायच्या सात आठवडे आधीचा. ‘झालं’नंतर ती काहीतरी बोलते आणि मग सात सेकंद सरळ कॅमेऱ्यात बघते. काय बोलते ते चिंगीने ऐकलंच नव्हतं. लग्नाची फिल्म जुळवताना आवाज बंद ठेवतात, कारण वर गाणं टाकायचं असतं. अप्पांनी चौदाव्या वर्षी तिला तसं शिकवलं आणि हात तसेच वळले. ओठ हलताना बघून तिने मनाशी धरलं होतं की आई म्हणतेय, पंखा कमी करा. मग शेवटच्या दिवशी तिकडून कळलं, गाणं चालणार नाही, मूळ आवाज हवा. तिने सगळ्या तुकड्यांचे आवाज एका दमात उघडले, आवाज मोजणारा काटा लाल पट्टीत जात नाही ना एवढं बघितलं आणि पाठवून दिलं. जगातले माहितीपट जुळवायला निघालेल्या मुलीने स्वतःच्या आईचा आवाज डोळ्यांनी तपासला होता.

महिन्याने तिकडच्या संकलक बाईंचं पत्र आलं. मला तुमची भाषा येत नाही, त्यांनी लिहिलं होतं. शेवटची बाई काय म्हणते ते कळलं नाही, पण तिच्याशी कुणीतरी खोटं बोललंय एवढं कळलं. त्या मिनिटासाठी तुला निवडलंय. आपण आठ महिने याच फिल्मवर काम करू. आता संवाद लिहून पाठव, आणि घरच्यांची संमती पाठव. जो दिसतो, ज्याचा आवाज येतो, ज्याचा उल्लेख येतो, त्या प्रत्येकाची.

संवाद लिहायला चिंगी कानाला हेडफोन लावून बसली, आणि तेव्हा तिने आईला पहिल्यांदा ऐकलं.

तो तुकडा काढला तर चालेल का, असं तिने विचारून पाहिलं. बाईंनी आडपडदा न ठेवता कळवलं की तो काढला तर उरतात नुसती लग्नं, आणि जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. चिंगीला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी तीही तेच म्हणाली असती.

*

आत्या बरोबर तीनला आली. केक नाही हे बघून घेतलं आणि पडद्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसायला लागली. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला धूळ दिसली की राहवत नाही. चिंगीच्या जाण्यामागे सगळ्यात मोठा जोर तिचाच होता. या घरातल्या बायका जन्मभर कॅमेऱ्यासमोर बसल्या, एक तरी मागे जाऊ दे, असं तिने अप्पांना तोंडावर सुनावलं होतं.

दादा साडेपाचच्या बसने परत निघणार होता, पिशवी दाराशीच ठेवून तो बसला. अप्पा नेहमीच्या खुर्चीत होते. चिंगीने खिडकी लावली.

पहिली नऊ मिनिटं मजेत गेली. एका लग्नात आत्या स्वतःच होती. ‘झालं’ म्हटल्याबरोबर तिने एवढा मोठा आ वासून जांभई दिली होती की दादा खुर्चीतून घसरायचा बाकी राहिला. “मेल्या, तीन रात्रपाळ्या करून आले होते मी,” आत्या म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. पुढे एक म्हातारा रिकाम्या हॉलमधल्या खुर्च्या मोजताना दिसला आणि हसणं आपोआप थांबलं.

मग खिडकी आली. खांद्यावर करडी शाल घेतलेली आई हसत होती. अप्पांना ती दिसली नाही, मधला सगळा भाग त्यांना धुक्यासारखा दिसे. त्यांनी आधी स्वतःचा आवाज ओळखला.

“झालं.”

आईचं हसू गेलं. तिने शाल पुढे ओढली.

“किती दिवस म्हणाले?”

“कसले दिवस? औषध बदललंय, एवढंच. महिन्याभरात हिंडायला लागशील.”

“दादाला बोलवून घ्या.”

“उगीच कशाला? त्याचं काम मध्यावर आलंय.”

आईने कॅमेऱ्याकडे बघितलं. सात सेकंद. आत्याने आयुष्यात पुष्कळ रोगी बघितले होते, ती नजर तिला ठाऊक होती. डॉक्टर खाटेपासून लांब जाऊन नातेवाइकांशी बोलतात तेव्हा रोगी तसाच बघतो.

“बरं,” आई म्हणाली. जमीन हलली, टेबलाचा पाय दिसला आणि पडदा काळा झाला.

अप्पा त्या दिवशी दहा आकडे मोजायचे विसरले होते. बटणावर अंगठा तसाच राहिला होता.

“परत लाव,” दादा म्हणाला.

चिंगीने परत लावलं.

*

सात आठवड्यांत रविवार सात येतात. दादाने ते सातही रविवार आठवून बघितले. पुलाच्या साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसातून तो फोन करायचा. आई कशी आहे? ठीक आहे. येऊ का? कशाला, ठीक आहे. मग आई फोनवर यायची आणि तीही ठीकच म्हणायची, जेवलास का विचारायची. पाचव्या रविवारी साहेबाने आपण होऊन विचारलं होतं, घरी जाऊन यायचंय का? त्यानेच सांगितलं होतं, नको साहेब, आई बरी आहे. तो बारा तासांचा प्रवास करून पोचला तेव्हा ती पांढऱ्या चादरीखाली होती. तीन वर्षं तो स्वतःला समजावत आला होता की गोष्ट अचानक घडली, कुणाच्या हातात काही नव्हतं.

“तिने मला बोलावलं होतं,” तो म्हणाला.

 आत्याने घसा खाकरला. त्या दुखण्यात रोग्याला सांगायचं नाही अशीच रीत होती, सांगितलं की माणूस महिन्याऐवजी आठवड्यात संपतो, असं ती सांगू लागली. रिपोर्ट तिने स्वतः वाचला होता, आता काही करण्यासारखं राहिलेलं नव्हतं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

आत्याच्या हातातला रुमाल तिथेच थांबला. बोलण्याच्या भरात आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

“मीच सांगू नको म्हटलं तिला,” अप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “तू आला असतास तर तुझ्या आईला कळलं असतं. मधल्या वारी काम टाकून येणारा मुलगा नव्हेस तू. दारात तुला बघितलं असतं की तिने ओळखलं असतं.”

“तिने ओळखलंच होतं, अप्पा. ऐकलं नाहीत? बरं म्हणाली ती.”

“ऐकलं.”

“आज ऐकलंत. त्या दिवशी समोर होतात तरी ऐकलं नाहीत.”



आत्याने मोर्चा चिंगीकडे वळवला. हा शेवटचा तुकडा काढून टाक म्हणाली. मेलेल्या माणसाला चार परक्यांपुढे कशाला बसवतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची. चिंगीने सांगितलं की तो काढला तर जाणं रद्द होतं. मग नको जाऊस, आत्या म्हणाली, लग्नं काय कमी आहेत इथे? सहा महिने घरादाराशी भांडून जिने चिंगीचा पासपोर्ट काढून दिला होता, तीच हे म्हणत होती. चिंगीला रडू आलं नाही. आपला एक हात कुणीतरी अलगद काढून घेतला असं वाटलं फक्त.

“कागद कुठाय?” दादाने विचारलं. “माझा उल्लेख आहे ना? मग माझी सही लागणार.”

चिंगीने कागद पुढे केला. तो त्याने वाचलाच नाही. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

“जाऊ दे सगळीकडे. ऐकू दे जगाला,” तो म्हणाला, आणि मग पेनाचं टोपण लावता लावता थांबला. “तुला हे कधी कळलं?”

खोटं बोलावंसं तिला वाटलं. “पंधरा दिवस झाले.”

“पंधरा दिवस. रोज फोन करत होतीस मला. खोलीला कुठला रंग दिला ते विचारलंस. तुझं कसं चाललंय विचारलं तर म्हणायचीस, ठीक आहे.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “खाण तशी माती, चिंगे. मला बोलावलं ते कधी, तर तुला सही हवी झाली तेव्हा.”

“दादा, तसं नाही...”

“तसंच आहे. जा तू, नीट जा. तुझं काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण अप्पांना मी नेणार नाही. ती खोली राहू दे रिकामी.”

त्याने पिशवी उचलली. दारात एकदा थांबला तेव्हा तिघांनाही वाटलं की वळेल. पण तो चप्पल घालत होता. साडेपाचच्या बसला अजून दीड तास होता.

*

 तो गेल्यावर चिंगीने खिडकी उघडली. समोरच्या लाँड्रीतून इस्त्रीची वाफ येत होती आणि तिथला माणूस शर्टांच्या घड्या घालत होता. आपल्याकडे आज काय झालं हे त्याला ठाऊक नाही, याचा तिला उगाचच हेवा वाटला.

तिने मनाशी ठरवलं आणि अप्पांजवळ जाऊन बसली. मी तिकडे नाही म्हणून कळवते, ती म्हणाली. दादा शांत होईल. फिल्म पुसून टाकते.

“शेपूट फेकायचं नाही,” अप्पा म्हणाले. “कुणी शिकवलं तुला पुसायला?”

“अप्पा, लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“त्यांना माझं नाव कुठे ठाऊक आहे?” अप्पा किंचित हसले, मग हसू तसंच गेलं. “तुझ्या आईशी खोटं बोललो. पोराशी बोललो. आता कॅमेऱ्याशी कशाला बोलू? लाव कॅमेरा.”

अप्पांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांची संमती बोलून घ्यायची असं तिकडूनच ठरलं होतं. आत्या उठली. आपल्याला हे बघवणार नाही म्हणाली. जिन्याशी जाऊन परत आली आणि पडद्याकडे बघत बोलली, अप्पांकडे नाही.

“जायचं तर जा. याला मी बघेन, वरची खोली आहेच. पण ती फिल्म मला पुन्हा दाखवू नकोस.” आणि आपल्या कागदावर सही करून, रुमाल तिथेच विसरून ती वर गेली.

चिंगीने तिवई लावली. तोच कॅमेरा होता, तीन वर्षांत जुना झालेला. अप्पांची खुर्ची तिने खिडकीपाशी ओढली, कारण उजेड तिथेच बरा होता, आणि ओढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आई इथेच बसली होती. अप्पांना सांगायची गरज पडली नाही. उजेड कुठल्या गालावर येतोय ते त्यांना कळत होतं.

“डावीकडे थोडं,” ती म्हणाली. अप्पा सरकले. जन्मभर दुसऱ्यांना सरकवत आलेला माणूस सांगितलं तसा सरकला.

अप्पांना कॅमेरा दिसत नव्हता. मान थोडी वळवली की डोळ्यांच्या कडेला एक लाल ठिपका येई, तेवढाच दिसे. तो लागला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“मी हिचा बाप,” ते म्हणाले. “या फिल्मच्या शेवटी जो आवाज आहे तो माझा आहे. जे बोललो ते मीच बोललो, कुणी बोलायला लावलं नाही. ही फिल्म दाखवायला माझी हरकत नाही.”

थोडं थांबून ते सवयीने म्हणाले, “झालं.”

चिंगीने हात पुढे केला नाही. अप्पा मनात मोजत होते. एक, दोन, तीन. दहा झाले. ठिपका तसाच होता. त्यांनी आणखी दहा मोजले. पोरीने बटण दाबलेलं नाही आणि दाबणारही नाही, हे त्यांना कळलं. एरवी या वेळेला माणसं कशी दिसतात ते त्यांनी अठ्ठावीस वर्षं बघितलं होतं. आपण तसे दिसत असू, हे त्यांना पहिल्यांदाच सुचलं. त्यांनी शर्टाचं लावलेलं बटण पुन्हा काढलं.

“दादाला बोलवून घे,” ते म्हणाले.

उगीच कशाला, तो आता स्टँडवर पोचला असेल. हे वाक्य चिंगीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, फोन काढला, नंबर लावला आणि अप्पांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकून त्यांच्या मांडीवर ठेवला.

घंटा वाजत राहिली. एक, दोन, तीन, चार. अप्पा तीही मोजत होते. पाचव्या घंटेच्या मध्यावर पलीकडून फोन कट झाला.

कॅमेरा चालू होता. चिंगी अप्पांकडे बघत होती, आणि अप्पा जिथे ठिपका होता तिथे बघत होते.

“परत लाव,” ते म्हणाले.